एकच वजीर, अनेक नांवें

घरांत इतिहासाचें पुस्तक वाचीत बसलेल्या एका चौकस मुलाची श्रोत्यांनीं क्षणभर कल्पना करावी. त्याच्यापुढें बहामनी राज्याचें प्रकरण उघडें आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यास मलिक-उत्-तुज्जार नांवाचा एक बडा सरदार कोंकण सर करण्यास निघतो. शिर्के नांवाचा तेथील राजा त्याला वाट दाखविण्याच्या मिषानें सह्याद्रीच्या निबिड रानांत नेतो, आणि खेळणा किल्ल्याच्या परिसरांत तो सरदार आपल्या फौजेसह कापला जातो. मुलगा पानें उलटतो. १४७०-७१ च्या सुमारास दुसरी मोठी फौज त्याच रानांत शिरते, तोच खेळणा किल्ला घेते, आणि १४७२ च्या आरंभीं गोवेंही काबीज करते. या फौजेचा नायक कोण? तर मलिक-उत्-तुज्जार! मुलगा पुस्तकांत बोट ठेवून वडिलांना विचारतो, "बाबा, एकदां मेलेला माणूस पुन्हां येऊन किल्ला कसा घेईल?"

वडील चांगले शिकलेले असले तरी या प्रश्नाला चटकन उत्तर देतीलच असें नाहीं. पुस्तक चुकलें म्हणावें, तर दोन्ही घटना खऱ्या आहेत. छापणाऱ्याचा हात चुकला म्हणावा, तर दोन्ही ठिकाणचे शब्दही बरोबर आहेत. घोटाळा एवढाच कीं, मलिक-उत्-तुज्जार हें माणसाचें नांवच नव्हे. ती पदवी आहे. ती धारण करणारा एक पुरुष रानांत पडला, आणि दरबारानें तीच पदवी पुढें दुसऱ्याला दिली. पहिल्याचें नांव खलफ हसन बसरी. दुसरा म्हणजे बहामनी राज्याचा सुप्रसिद्ध वजीर महमूद गावान. मध्ययुगांतील एखाद्या सरदाराचा उल्लेख कोणत्या नांवानें करावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ पंडितांच्या काथ्याकुटाचा नाहीं. नांव चुकलें कीं एकाचा पराभव दुसऱ्याच्या माथीं बसतो, एकाचें यश दुसऱ्याच्या पदरांत पडतें, आणि मेलेलीं माणसें किल्ले घेऊं लागतात.

ही अडचण मराठी माणसाला परकी वाटण्याचें कारण नाहीं. 'नानासाहेब पेशवे' एवढेंच म्हटलें तर कोणते नानासाहेब समजावयाचे? पानिपताच्या आघातानें खचून १७६१ सालीं वारलेले बाळाजी बाजीराव, कीं १८५७ च्या उठावाचे एक पुढारी धोंडोपंत? दोघांच्या मध्यें जवळजवळ शंभर वर्षांचें अंतर आहे. तरी नुसत्या नांवानें तें अंतर दिसत नाहीं. तसाच दुसरा शब्द 'निजाम'. अहमदनगरची निजामशाही आणि हैदराबादचे निजाम यांचें कांहीं घराण्याचें नातें असावें, असें पुष्कळांना वाटतें. वास्तविक तसें नातें मुळींच नाहीं. दोहोंच्या मुळाशीं 'निजामुल्मुल्क', म्हणजे राज्याची व्यवस्था राखणारा, ही एक पदवी आहे. मलिक हसन नांवाच्या बहामनी सरदाराला ती मिळालेली होती. त्याचा मुलगा मलिक अहमद यानें अहमदनगरचें राज्य स्थापिलें, आणि बापाच्या पदवीवरून तें राज्य निजामशाही म्हणून ओळखलें जाऊं लागलें. पुढें दोन शतकांहून अधिक काळ लोटल्यावर मोगल बादशाहीच्या एका सरदारास तीच पदवी मिळाली, आणि त्याच्यापासून हैदराबादच्या निजामांचें घराणें सुरू झालें. पदवी ही दरबारच्या कोठारांतील पोशाखासारखी असते. एकाच्या अंगावरून उतरली कीं ती दुसऱ्याच्या अंगावर चढते. नुसत्या पोशाखावरून माणूस ओळखूं जाणारा फसला, तर दोष पोशाखाचा नव्हे.

आतां ज्या पुरुषाचें नांव ठरवावयाचें, त्याच्याकडे वळावें. कास्पियन समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यास गीलान नांवाचा इराणी प्रांत आहे. तेथील एका प्रतिष्ठित घराण्यांतील हा पुरुष चाळिशी उलटल्यावर, १४५३ सालीं, व्यापाराच्या निमित्तानें दाभोळ बंदरांत उतरला, आणि तेथून बहामनी राज्याच्या राजधानीस, म्हणजे हल्लीं कर्नाटकांत असलेल्या बेदर शहरास, गेला. पुढें अठ्ठावीस वर्षांनीं त्याचा अंत झाला, तेव्हां दक्षिणेंतील मुसलमानी राज्यांत त्याच्या तोडीचा मंत्री दुसरा नव्हता. त्याचें नांव सर्व अलंकारांसह लिहावयाचें तर 'ख्वाजा इमादुद्दीन महमूद बिन महंमद गावान गीलानी' असें लिहावें लागतें. एवढें लांबलचक नांव ऐकून दचकण्याचें कारण नाहीं. त्याचे तुकडे सुटे केले म्हणजे प्रत्येक तुकड्याचें काम वेगळें आहे, हें ध्यानांत येतें.

'महमूद' हें त्याचें स्वतःचें नांव. 'बिन महंमद' म्हणजे महंमदाचा मुलगा. आपल्याकडे मुलाच्या नांवापुढें बापाचें नांव लावतात, तसाच हा प्रकार. 'इमादुद्दीन', म्हणजे धर्माचा आधारस्तंभ, हें नांवास जोडावयाचें सन्माननाम. अशीं सन्माननामें विद्वान व प्रतिष्ठित लोकांत सर्रास चालत. 'ख्वाजा' हा आदराचा शब्द. मोठे व्यापारी, विद्वान आणि संभावित गृहस्थ यांच्या नांवामागें तो लागे, आणि आपल्या 'पंत' किंवा 'शेट' या शब्दांचें काम तो करी. 'गीलानी' म्हणजे गीलानचा राहणारा. जसे आपल्याकडे नगरकर नि सातारकर. राहिला 'गावान' हा शब्द. गीलान प्रांतांतील त्याच्या मूळ गांवाच्या नांवावरून तो आला, असें मानतात. आतां फारसींत 'गाव' म्हणजे गाय किंवा बैल, आणि 'गावान' हें त्याचें अनेकवचन होय. म्हणजे थट्टेखोरांना आयतेंच साधन! परंतु ज्या मराठी समाजांत वाघ, कोल्हे आणि गायतोंडे हीं आडनांवें मोठ्या सन्मानानें नांदतात, त्या समाजानें या शब्दाचें हसूं करण्यांत अर्थ नाहीं.

येथवर झाली माणसाच्या नांवाची हकीकत. यापुढें दरबारानें दिलेल्या किताबांची हकीकत सुरू होते, आणि खरा गुंताही येथेंच आहे. मलिक-उत्-तुज्जार याचा अर्थ व्यापाऱ्यांचा प्रमुख. राज्यांतील अव्वल दर्जाच्या सेनापतीला व्यापाऱ्याची पदवी कां द्यावी, असा प्रश्न सहज उद्भवतो. याचें उत्तर पहिल्या धारकाच्या चरित्रांत आहे. खलफ हसन हा बसऱ्याकडील व्यापारी. १४२२ सालीं अहमदशहा बहामनी गादीवर आला, तो या व्यापाऱ्याच्या साह्यानें. त्या उपकाराची फेड म्हणून सुलतानानें त्याला उच्च अधिकार आणि ही पदवी दिली. शिवाय बहामनी राज्यास व्यापारी हवेच होते. लढाईस लागणारे उत्तम घोडे अरबस्तान व इराण येथून समुद्रमार्गें चौल-दाभोळास येत. आणि ज्याच्या हातीं घोड्यांचा व्यापार, त्याच्या हातीं फौजेचें बळ. तेव्हां ही पदवी दिखाऊ नव्हती. राज्याची गरज तींत स्पष्ट दिसत होती. १४५८ सालीं हुमायूनशहा गादीवर आला, तेव्हां त्यानें महमूद गावान यास ती दिली. तोही व्यापारी म्हणूनच या देशांत आलेला असल्यामुळें पदवी त्याला शोभलीही. मात्र शोभणारें वस्त्रही आपल्यापूर्वीं दुसऱ्यानें वापरलेलें असूं शकतें, हें विसरतां कामा नये.

दुसरा किताब 'ख्वाजा जहान', म्हणजे जगाचा स्वामी. हा तर याहूनही अधिक हातांतून गेलेला. बहामनी राज्यापूर्वीं दिल्लीच्या दरबारांत तो चालत होता. जौनपूरचें राज्य स्थापणारा मलिक सरवर हाही ख्वाजा जहानच. बहामनी राज्यांत महमूद गावानाच्या आधीं तो एका तुर्क सरदाराकडे होता. १४६१ सालीं हुमायूनशहा वारला. त्याचा मुलगा निजामशहा अवघा आठ वर्षांचा. तेव्हां राजमाता, ख्वाजा जहान तुर्क आणि मलिक-उत्-तुज्जार महमूद गावान अशा तिघांनीं राज्यकारभार पाहिला. १४६३ सालीं तो बालराजाही वारला, आणि त्याचा धाकटा भाऊ तिसरा महंमदशहा गादीवर आला. ख्वाजा जहान तुर्क हळूहळू सर्व सत्ता आपल्या मुठींत घेऊं लागला, म्हणून १४६६ सालीं भर दरबारांत त्याचा वध करण्यांत आला. त्याच्यामागें महमूद गावान हा मुख्य वजीर झाला, आणि पुढें ख्वाजा जहान हा किताबही त्याच्याकडे आला. म्हणजे 'ख्वाजा जहान दरबारांत मारला गेला' आणि 'ख्वाजा जहानानें राज्याची घडी बसविली' हीं दोन्ही वाक्यें खरीं. पण दोन वेगवेगळ्या माणसांविषयीं खरीं.

गुंता येथेंही संपत नाहीं. महमूद गावानाच्या पश्चात् परांडें येथें असलेला एक सरदार ख्वाजा जहान याच किताबानें ओळखला जात असे. परांड्याचा बळकट किल्ला महमूद गावानानें बांधला, असें लोक सांगतात. तें खरें असेल किंवा नसेल. परंतु परांड्याच्या संबंधांत 'ख्वाजा जहान' हा शब्द आढळला कीं शहाण्या वाचकानें आधीं 'कोणता?' असें विचारलें पाहिजे. न विचारतां पुढें गेल्यास एकाचा किल्ला दुसऱ्याच्या खात्यावर पडावयास वेळ लागणार नाहीं.

मग समकालीन लोक त्याला काय म्हणत, हें पाहून निकाल लावतां येईल काय? या बाबतींत एक मोठा मौजेचा पुरावा आहे. त्वेर शहराचा अफनासी निकितीन नांवाचा रशियन व्यापारी महमूद गावानाच्या कारकीर्दींत दक्षिणेंत आला होता. तो चौलास उतरला, पावसाळ्यांत जुन्नरास राहिला, आणि पुढें बेदरास गेला. त्यानें आपल्या प्रवासाची टिपणें लिहून ठेवलीं आहेत. राज्यांत सर्वांत बलाढ्य असलेल्या सरदाराचा उल्लेख तो त्यांत वारंवार करतो. पण 'मेलिकतुचार' अशा नांवानें! बाजारांत आणि धर्मशाळेंत कानांवर पडलेली पदवी त्यानें आपल्या जिभेला जमली तशी लिहिली. तेव्हां रस्त्यावरच्या लोकांच्या तोंडीं त्या वेळीं नांव नव्हतें, पदवीच होती, हें उघड आहे. परंतु याचा अर्थ आपणही तसेंच म्हणावें असा होत नाहीं. निकितीनच्या दिवसांत मलिक-उत्-तुज्जार म्हटलें कीं कोणता, हें विचारण्याची गरज नव्हती; तो एकच जिवंत होता. आपण पांच शतकांच्या अंतरावर उभे आहों. आपल्यापुढें मेलेले आणि जिवंत सारेच एका रांगेंत उभे आहेत. समकालीनांना जें पुरेसें होतें तें आपणांस पुरत नाहीं.

'गीलानी' म्हणावें, असेंही कोणी सुचवील. तें त्याच्या जन्मभूमीचें नांव, स्वतःचें आणि सन्मानाचें. आणि किताबांप्रमाणें तें दुसऱ्याला देतांही येत नाहीं. हा युक्तिवाद वरवर बरा दिसतो. पण गीलानहून आलेला माणूस दक्षिणेंत एकटा नव्हता. त्याचा स्वतःचा खजिनदारही गीलानीच होता. आणि कोंकणच्या किनाऱ्यावर तर 'गीलानी' म्हटलें कीं आणखी एक नांव समोर उभें राहतें: बहादुर गीलानी. महमूद गावानाच्या मृत्यूनंतर या सरदारानें गोवें व दाभोळ हाताशीं धरून बंड केलें, समुद्रावर लुटालूट केली, आणि १४९४ सालीं तो लढाईंत मारला गेला. ज्या गोव्यास महमूद गावानानें जिंकलें, त्याच गोव्यांत दुसऱ्या गीलानीनें बंडाचें निशाण उभारलें. त्यामुळें निदान कोंकणाच्या इतिहासांत तरी नुसतें 'गीलानी' म्हणणें म्हणजे राज्य राखणारा आणि राज्य फोडणारा यांना एकाच आसनावर बसविण्यासारखें होईल.

याशिवाय एक बारीकशी, पण अत्यंत घातक चूक मराठींत नेहमीं आढळते. 'महमूद' याऐवजीं 'महंमद' लिहिलें जातें. दोन्ही शब्दांचा धातु एकच, दोहोंचा अर्थही स्तुतीशीं संबंध असलेला. म्हणून लिहिणाऱ्याला त्यांतला भेद नगण्य वाटतो. परंतु या ठिकाणीं वजीर महमूद आहे आणि सुलतान महंमद आहे. एकानें दुसऱ्याच्या राज्यासाठीं आयुष्य वेंचलें, आणि दुसऱ्यानें त्याचा शिरच्छेद करविला. एका अक्षराच्या निष्काळजीपणानें मरणारा आणि मारणारा एकच होऊन बसतात! 'गावान' कीं 'गवान' हा वाद त्या मानानें किरकोळ आहे. मूळ फारसी लेखनांत पहिला स्वर दीर्घ आहे, म्हणून 'गावान' अधिक शुद्ध. पण रूढीनें कोणी 'गवान' म्हटलें तर निदान माणूस बदलत नाहीं. जी चूक माणूस बदलते ती आधीं सुधारावी. जी केवळ उच्चार बदलते ती मागाहून सुधारली तरी चालेल.

हें सर्व ध्यानांत घेतां, निर्णयाची कसोटी काय असावी? कसोटी साधी आहे. जें नांव त्या एकाच पुरुषाला चिकटून राहिलें आणि दुसऱ्या कोणाकडे गेलें नाहीं, तें त्याचें ओळखीचें नांव. बिरुदसुद्धां एखादे वेळीं असें चिकटून बसतें. घोरपडे घराण्यांत परंपरेनें असें सांगतात कीं, याच खेळण्याच्या स्वारींत घोरपडीच्या साह्यानें किल्ल्याचा तट चढल्यामुळें त्यांच्या पूर्वजांना हें बिरुद मिळालें. परंपरेचा खरेखोटेपणा इतिहासज्ञांनीं तपासावा. परंतु तें बिरुद दुसऱ्याला वांटलें गेलें नाहीं, घराण्याशीं एकजीव झालें, म्हणून त्याचें नांव झालें. मलिक-उत्-तुज्जार व ख्वाजा जहान यांचें तसें झालें नाहीं. 'गावान' याचें मात्र झालें. दक्षिणेच्या इतिहासांत गावान म्हटलें कीं दुसरा कोणी मनांत येत नाहीं. बेदरास १४७२ च्या सुमारास त्यानें बांधलेली भव्य तीन मजली पाठशाला १६९६ सालच्या स्फोटांत बरीचशी ढांसळली; तरी उरलेल्या भागास लोक 'महमूद गावानाचा मदरसा' म्हणूनच ओळखतात. प्रा. हारून खान शेरवानी यांनीं १९४२ सालीं त्याचें इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांनींही ग्रंथाच्या मुखपृष्ठावर हेंच नांव घातलें. विद्वान आणि सामान्य लोक यांचें ज्या नांवावर एकमत झालें आहे, तें सोडून दुसरें शोधण्याचें प्रयोजन उरत नाहीं.

तरीही किताब अजीबात टाकून द्यावे असें नाहीं. ज्या प्रसंगीं जो किताब होता, तो त्या प्रसंगाच्या वर्णनांत नांवाच्या जोडीनें अवश्य यावा. तो माणूस त्या दिवशीं किती उंचीवर उभा होता, हें त्यावरून कळतें. १४५३ सालीं दाभोळास उतरला तो नुसता ख्वाजा महमूद. त्याला त्या वेळीं ख्वाजा जहान म्हणणें म्हणजे जन्मलेल्या मुलाला आजोबा म्हणण्यासारखें आहे. किल्ल्यांच्या बाबतींत हा विवेक आपण सहज करतों. शिवाजी महाराजांनीं १६५९ सालीं खेळण्याचें नांव विशाळगड ठेविलें. म्हणून त्यापूर्वींच्या हकीकतींत खेळणा म्हणावें, आणि समजण्यासाठीं 'म्हणजेच विशाळगड' असें एकदां सांगावें, हें कोणासही पटतें. दगडाच्या किल्ल्याला जो न्याय, तो हाडामांसाच्या माणसाला कां नसावा? जुन्या ग्रंथाचा उतारा देतांना मूळ शब्द तसाच ठेवावा. निकितीनच्या तोंडांत 'महमूद गावान' घालूं नये. पण उताऱ्याच्या शेजारीं तो माणूस कोण, हें स्पष्ट लिहावें. नियम एवढाच: नांव एकटें चालेल, किताब एकटा चालणार नाहीं.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. किताब गाळून नुसतें नांव घेणें हा त्या थोर पुरुषाचा अवमान नव्हे काय? या प्रश्नाचें उत्तर त्याच्याच वागणुकींत सांपडतें. गोव्याची मोहीम फत्ते करून तो परत आला तेव्हां त्याच्यावर सन्मानांचा वर्षाव झाला. फेरिस्ता सांगतो कीं, सुलतान त्याच्या घरीं आठवडाभर पाहुणा म्हणून राहिला, राजमातेनें त्याला भाऊ म्हटलें, आणि राजवस्त्रें त्याच्या अंगावर घातलीं गेलीं. सुलतान निघून गेल्यावर वजीर आपल्या खोलींत गेला, तीं वस्त्रें उतरून ढळढळां रडला, आणि आपली संपत्ति विद्वान व गरीब लोकांस वांटून टाकूं लागला. ग्रंथ, घोडे आणि हत्ती मात्र त्यानें दिले नाहींत. कारण विचारतां तो म्हणाला कीं, ग्रंथ विद्यार्थ्यांचे आहेत नि घोडे-हत्ती राज्याचे आहेत. त्यांवर आपला अधिकार नाहीं. राजा घरीं आला आणि राणीनें भाऊ म्हटलें, त्या वेळीं आपल्या मनांत गर्व शिरला, याचें त्याला भय वाटलें होतें. ज्याला किताबांचें एवढें ओझें वाटलें, त्याचें साधें नांव घेतल्यानें त्याचा अवमान होईल, असें मानण्याचें कारण नाहीं.

आणि शेवटीं त्याचा जीव गेला तोही एका परीनें नांवामुळेंच. त्यानें राज्याच्या चार प्रांतांचे आठ प्रांत केले आणि बहुतेक किल्ले प्रांताधिकाऱ्यांच्या हातून काढून थेट सुलतानाच्या ताब्यांत आणले. ज्यांचें बळ कमी झालें ते सरदार त्याच्यावर उठले. मलिक हसन निजामुल्मुल्क याचें नांव त्यांत प्रामुख्यानें येतें. विरोधकांनीं वजिराची मोहोर सांभाळणाऱ्या नोकराला फितवून कोऱ्या कागदावर मोहोर उठवून घेतली. मग त्या कागदावर ओरिसाच्या गजपति राजास स्वारीचें आमंत्रण देणारें पत्र लिहिलें गेलें, आणि मद्यधुंद सुलतानाच्या हातीं देण्यांत आलें. वजिराला बोलावून सुलतानानें विचारलें कीं, धन्याशीं बेइमान होणाऱ्या चाकराला शिक्षा काय? वजीर उत्तरला, तरवार. तेव्हां पत्र पुढें टाकण्यांत आलें. तो म्हणाला कीं, मोहोर माझी आहे, अक्षर माझें नाहीं. परंतु मोहोरेमागें खरोखर कोणाचा हात होता, हें विचारण्याची तसदी सुलतानानें घेतली नाहीं. ५ एप्रिल १४८१ या दिवशीं त्या वृद्ध मंत्र्याचा शिरच्छेद झाला. पुढें वर्षही पुरें झालें नाहीं तोंच सुलतानही वारला, आणि बहामनी राज्याचीं शकलें होण्यास आरंभ झाला.

वधानंतर त्याच्या संपत्तीचा शोध झाला. फेरिस्त्याच्या सांगण्याप्रमाणें खजिनदारानें दोन तिजोऱ्या दाखविल्या. एक वजीर 'राजाची' म्हणे. तींतून फौज आणि पागा यांचा खर्च चाले. दुसरी तो 'गरिबांची' म्हणे. तींतून दानधर्म होई. दोहोंतही शिल्लक थोडी होती. अठ्ठावीस वर्षें राज्यांत वावरलेल्या आणि सर्वांत मोठे किताब धारण केलेल्या त्या पुरुषानें स्वतःच्या नांवाची तिजोरी ठेवलीच नव्हती.

ज्याला मोहोरेवरील नांव पाहून, माणूस न पाहतां, मृत्युदंड दिला गेला, त्याच्याविषयीं लिहितांना आणि वाचतांना तरी आपण किताब पाहून माणूस विसरूं नये. मागच्यांचें देणें फेडण्याचे मार्ग फार थोडे असतात. त्यांचीं नांवें बरोबर लिहिणें हा त्यांतला अगदीं अल्प खर्चाचा मार्ग आहे.

तेव्हां त्या चौकस मुलाच्या वडिलांनीं उत्तर देण्यास संकोच करूं नये. त्यांनीं सांगावें कीं, मेलेला माणूस परत आला नाहीं. त्याची पदवी परत आली. मग मुलाच्या हातीं पेन्सिल द्यावी. पुस्तकांत जेथें पहिला मलिक-उत्-तुज्जार रानांत पडतो, तेथें समासांत त्यानें 'खलफ हसन' असें लिहावें. आणि जेथें दुसरा खेळणा घेतो, तेथें 'महमूद गावान' असें लिहावें.